जिन्याखालच्या गाळ्याची भवानी

ये गं, अशी जवळ येऊन बस आणि तो मोबाइल आधी पालथा ठेव. लिहिलेलं वाचतेयस म्हणून काय झालं, मी बोलतेय ते तुझ्याशीच. आणि जरा रागावून बोलतेय, हेही लक्षात घे. परवा बदलापुरात आलीस, त्या नव्या गारेगार मॉलमध्ये दुपारभर हिंडलीस, सरकत्या जिन्यावर उभं राहून फोटो काढलेस आणि मावशीच्या दारावरून तशीच परत गेलीस. एका फोटोत मागं आमची गच्चीसुद्धा दिसतेय. माझा परकर वाळत होता तो अख्ख्या खानदानानं बघितला, फक्त तुला दिसला नाही. वर तुझ्या आईला म्हणालीस, "आत्ता कुठं बदलापूरला मॉल आला."

आत्ता कुठं? अगं, तुझी दुधाची बाटली सुटली नव्हती तेव्हा आमच्याकडं मॉल होता. त्याला मॉल म्हणायची पद्धत नव्हती एवढंच. कुळगावच्या बाजूला, स्टेशनजवळ, भाताच्या खाचरात भराव घालून बांधलेलं दुमजली शॉपिंग सेंटर. मधे चौक, चारी बाजूंनी गाळे आणि वर जायला एक जिना. तो सरकत नव्हता, आपल्यालाच सरकावं लागायचं. भरावाखालच्या बेडकांना खाचर गेल्याचं कुणी कळवलं नव्हतं. ते पावसाळ्यात हक्कानं दुकानात यायचे. चपलांच्या दुकानात एका बाईनं नव्या चपलेत पाय घातला आणि आतून काहीतरी ओरडलं. बाई इतकी ओरडली की बेडूकच आधी बाहेर पळाला.

या सेंटरच्या जिन्याखाली एक चिमुकला गाळा होता आणि तो मला हवा होता. का, ते सांगते. कितीतरी वर्षं मी घरी बसून बायकांच्या साड्यांना फॉल लावत होते. डोळे दुखेपर्यंत टाके घालायचे आणि वर ऐकायचं काय, तर "तुम्ही काय बाई, घरीच असता ना!" मला एकदा तरी म्हणायचं होतं, "थांबा, दुकान बंद करून येते." एवढंच. माझा जीव या एका वाक्यात अडकला होता.

पण गाळा सुखासुखी रिकामा होईना. तसे सेंटरमधले सगळेच गाळे सारखे बदलायचे. आज जिथं कॅसेटचं दुकान तिथं दिवाळीला फटाके, संक्रांतीला झेरॉक्स आणि उन्हाळ्यात उसाचा रस. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनं शिडी तिथंच कायमची टेकवून ठेवली होती. जिन्याखाली आधी घड्याळवाला होता, मग व्हिडिओ गेम आले, मग रंगीत मासे, मग शुभेच्छापत्रं. सगळे गेले. लोक म्हणायचे गाळा लाभत नाही. लाभेल कसा? जिना तिरका, त्याखाली छत तिरकं, उभं राहिलं की डोकं आपटायचं. घड्याळवाल्याच्या कपाळावर कायम एक टेंगूळ असायचं. माझी उंची बेताची. मी मापं न घेताच ओळखलं होतं, हा गाळा देवानं माझ्यासाठीच बुटका बांधलाय.

आता मधे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दुकानदाराची दिवसातली पहिली विक्री म्हणजे भवानी, हिंदीत बोहनी. ती ज्याच्या हातून होते त्याच्या हातगुणावर सगळा दिवस जातो, असं दुकानदार मानतात. तुम्ही कार्ड घासणाऱ्या मुली, तुम्हाला काय त्याचं! तर सेंटरमधलं पहिलं दुकान होतं रेडिमेड कपड्यांचं, उल्हासनगरहून आलेल्या एका सिंधी शेठचं. एकदा सकाळी त्याचं शटर वर होत होतं तेवढ्यात मी गेले आणि परकराची नाडी घेतली. घासाघीस केली नाही, कारण गॅसवर दूध ठेवून आले होते. त्या दिवशी शेठचं दुकान संध्याकाळपर्यंत जवळजवळ रिकामं झालं. रात्री जेवताना आमचे हे म्हणाले, "आज अंबरनाथच्या सगळ्या फॅक्टऱ्यांत बोनस वाटलाय. अख्खं बदलापूर खरेदीला निघालंय." पण बोनसचं शेठला कोण सांगणार? त्याला दिसला माझा हात.

दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभा. "अदी, तुमचा हात लई भारी." अदी म्हणजे सिंधीत बहीण. तेव्हापासून मी त्याची अदी झाले आणि माझा हात सगळ्या सेंटरचा झाला. नवीन दुकान उघडलं की आधी मला बोलावणं. पेढा माझ्या तोंडात, आणि भवानी माझ्या हातून. त्यामुळं आमच्या घरात काय काय आलं म्हणून सांगू! हेल्मेटचं दुकान निघालं, हेल्मेट आलं. आमच्याकडं सायकलसुद्धा नव्हती. हे ते घालून माळ्यावर चढायचे. माशांचं दुकान निघालं, सोनेरी मासा आला. टाकी नव्हती म्हणून तो लोणच्याच्या काचेच्या बरणीत राहिला. यांचे एक साहेब जेवायला आले होते, ते बरणीकडं बघून म्हणाले, "वहिनी, त्यातलं थोडं वाढा."

एसटीडी बूथ उघडलं तेव्हा तर कहर झाला. पहिला फोन अदीनं करायचा. करू कुणाला? आमच्या ओळखीत फोन फक्त एका ठिकाणी, यांच्या फॅक्टरीच्या गेटवर. तिथं लावला. गेटवरच्यानं आत निरोप धाडला, घरून फोन आहे. हे पार दुसऱ्या टोकाकडून पळत आले. धापा टाकत विचारतात, "कोण गेलं?"

मी म्हटलं, "कुणी नाही गेलं. भवानी करतेय."

पलीकडं यांच्या धापा काही थांबेनात. मीटर पळत होतं आणि बूथवाला खूश होता.

आणि पार्लर! वरच्या मजल्यावर एका मराठी मुलीनं ब्युटी पार्लर काढलं, तिच्या पहिल्या भुवया माझ्या. दोऱ्यानं अशा काही कोरल्या की कपाळाच्या मध्यावर जाऊन बसल्या. हे रात्री भाकरी मोडता मोडता थांबले. "माझं काही चुकलं का?"

"नाही. का हो?"

"मघापासून आश्चर्यानं बघतेयस म्हणून विचारलं."

तर असा माझा हात. आणि आता यांचा ऐक. हे फॅक्टरीत माल तपासायच्या खात्यात होते. समोर आलेली वस्तू पास की नापास, एवढंच दिवसभर बघायचं. हे घरी आले की ती सवयही पिशवीसकट घरात शिरायची. छत्री आणली की नळाखाली धरून बघायची आणि परत करायची. चपला आणल्या, तर एक दुसरीपेक्षा जड आहे हे वाण्याच्या तराजूवर सिद्ध करून परत केल्या. गाण्यांची कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकली आणि "दुसऱ्या बाजूला बाईचा गळा बसलाय" म्हणून परत नेली. सेंटरमधल्या एकेका दुकानात 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशा पाट्या लागल्या. पेंटरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, ही सगळी ऑर्डर तुमच्या घरामुळं आलीय." सकाळी हे नुसते जिन्याजवळ दिसले तरी शेठ ओरडायचा, "साहेब, नंतर या! बोहनी नाही झाली!" एका घरात राहून मी सेंटरची लक्ष्मी आणि हे सेंटरचं संकट.

शुभेच्छापत्रवाला गेला आणि गाळा रिकामा झाला तेव्हा मी यांच्यासमोर विषय काढला. मॅचिंग सेंटर काढायचं, ब्लाऊजपीस, परकर, फॉल. यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, तपासायला आलेल्या मालासारखं. मग म्हणाले, "दसऱ्याला उघड. दिवाळीपर्यंत बघू. चाललं तर तुझं. नाही चाललं तर किल्ली परत द्यायची आणि या घरात पुन्हा दुकान हा शब्द काढायचा नाही."

"कबूल," मी म्हटलं. मनात म्हटलं, अख्खं सेंटर माझ्या हातानं चालतंय, माझं स्वतःचं नाही चालणार?

उल्हासनगरला शेठच्या ओळखीनं होलसेलच्या गल्लीत जाऊन माल आणला. टू बाय टूच्या सुती कापडाचे ब्लाऊजपीस, रंग तरी किती! डाळिंबी, मोरपंखी, आमसुली, चिंतामणी, आणि त्या वर्षी सगळ्यांना हवा असलेला राणी कलर, त्याचा तर गठ्ठाच. दसऱ्याला पूजा झाली. झेंडूचं तोरण लावलं, तेही बसूनच, कारण गाळ्याचं दार तेवढंच. सगळे दुकानदार आले, पेढे खाल्ले आणि उभे राहिले. कुणी काही घेईना. मी म्हटलं, "अहो, भवानी करा की कुणीतरी."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेठ डोकं खाजवत म्हणाला, "अदी, लफडा झाला. हात तुमचा चांगला. पण तुम्ही तर आत बसल्या. बाहेरून कोण देणार?"

खरंच की! स्वतःच्या दुकानात स्वतः गिऱ्हाईक होता येत नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुम्ही करा ना शेठ," मी म्हटलं.

"नको नको! उद्या नाही चाललं तर? जिंदगीभर बोलाल, शेठनं बुडवलं."

फरसाणवाला मागं सरकत म्हणाला, "माझा तर विचारूच नका. मी याआधी तीन धंदे बसवलेत." पार्लरवाली म्हणाली, "मावशी, मी केली असती, पण माझा आज उपास आहे." उपासाचा आणि ब्लाऊजपीसचा काय संबंध ते तिलाच ठाऊक. सगळ्यांचं माझ्यावर इतकं प्रेम की माझ्या दुकानातून कुणी काही घेईना!

बरं, नुसते घेत नव्हते तर ठीक. त्यांनी पहाराच बसवला. माझी भवानी चुकीच्या हातानं होऊ द्यायची नाही, असं त्यांचं आपसात ठरलं. दुसऱ्या दिवशी एक बाई परकर मागायला वाकली, तर शेठ समोरून धावत आला. "बहेनजी, एक मिनट. तुमच्या घरी सगळं ठीकठाक? मिस्टरांचा कामधंदा?"

बाई म्हणाली, "म्हणजे?"

पार्लरवालीनं वरून कठड्यावरून वाकून विचारलं, "सासूबाईंशी पटतं ना तुमचं?"

बाईनं पदर खोचला आणि गेली, ती थेट स्टेशनच्या दिशेनं. तिच्या मागून आलेल्या दोघीजणीही गेल्या. मी आतून ओरडतेय, "अहो, जाऊ द्या, कुणाच्या का हातानं होईना!" तर शेठ मलाच समजावतो, "अदी, घाई नाही करायची. मी माझ्या आईला आणतो उल्हासनगरहून. तिच्या हातानं तिथल्या पाच नंबर कॅम्पात अर्धी दुकानं चालली. फक्त तिचे गुडघे दुखतात, जरा बरं वाटलं की रिक्षानं आणतो."

झालं. शेठच्या आईच्या गुडघ्यांवर माझं दुकान अडकलं. आज आणतो, उद्या आणतो. इकडं समोर आकाशकंदील टांगायला लागले, फरसाणवाल्यानं चकल्यांचा ढीग लावला आणि मी आपली तिरक्या छताखाली बसून राणी कलरच्या घड्या घालतेय आणि मोडतेय. घरी हे काही विचारत नव्हते. यांचं न विचारणं जास्त लागायचं. मला तर स्वप्नात किल्ली दिसायला लागली, परत करायची.

एका संध्याकाळी हे फॅक्टरीतून सुटून घरी न जाता सेंटरमध्ये आले. हातात जेवणाचा डबा. गाळ्यासमोर उकिडवे बसले, माझ्या तोंडाकडं बघितलं. काय दिसलं कुणास ठाऊक. म्हणाले, "तो राणी कलर दाखव."

"कुणासाठी?"

"आहे एक ओळखीची. तिच्याकडं पांढरी साडी आहे, जरीकाठी. तिच्यावर बरा दिसेल."

माझ्याकडंच होती ती साडी. मी गठ्ठ्यातून पीस काढून दिला. यांनी पीस उजेडाला धरला, कडेचा एक धागा ओढला, पैसे माझ्या गल्ल्यात टाकले. तेवढ्यात समोरून शेठची आरोळी, "अरे साहेबांना पकडा!" फरसाणवाला हातातला झारा घेऊनच धावला. पण उशीर झाला होता. हे तो पीस जेवणाच्या डब्यावर ठेवून घेऊन निघालेसुद्धा.

सगळे माझ्याभोवती जमले, मयताला जमावं तसे. सेंटरमधल्या सगळ्यांत वाईट हातानं माझी भवानी झाली होती. पार्लरवाली माझा हात दाबून म्हणाली, "मावशी, धीर धरा." शेठ तर खांबाला टेकून बसला. मला मात्र, खरं सांगू का, हसू येत होतं. लग्नानंतर या माणसानं माझ्यासाठी स्वतःहून आणलेली ती पहिली वस्तू. तीही माझ्याच दुकानातून!

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं, तर समोर हे. हातात पिशवी.

"परत करायचाय," हे म्हणाले. "नापास."

"अहो!"

"पाण्यात घातला रात्री. रंग जातो." आणि भर चौकात यांनी शर्टाची वरची बटणं सोडली. आत गुलाबी बनियन. ब्लाऊजपीस भिजवला त्याच बादलीत यांचे बनियन होते. सगळेच्या सगळे गुलाबी.

शेठनं उडीच मारली. "घ्या अदी, परत घ्या! माल परत म्हणजे बोहनी कॅन्सल! साहेब, पहिल्यांदा चांगलं काम केलं तुम्ही!"

सगळे ओरडायला लागले, घ्या, घ्या परत. मी त्या गुलाबी बनियनकडं बघत होते. माझ्या डोळ्यांपुढं राणी कलरचा तो अख्खा गठ्ठा आला. दिवाळीच्या नव्या साड्या, त्यांच्या काखेत, पाठीवर उतरलेला माझा रंग. मी पैसे काढून यांच्या हातात दिले आणि म्हटलं, "परत घेतला. आता तुम्ही आत या आणि बाकीचे सगळे तपासा."

गाळ्यात येताना यांनी डोकं आपटलंच. पण त्या दिवशी यांनी रजा टाकली, बाहेर स्टुलावर बसले, बादली घेतली आणि एकेका रंगाची पट्टी पाण्यात बुडवायला लागले. आमसुली पास. मोरपंखी पास. डाळिंबी, जरा थांबा, पास. राणी नापास. दुपारी आम्ही दोघं तो गठ्ठा घेऊन उल्हासनगरला. होलसेलवाला म्हणाला, गेलेला माल परत येत नाही. यांनी त्याच्याकडं बादली मागितली. त्यानं दिली नाही, तर शेजारच्या चहावाल्याची आणली. त्याच्या गादीसमोर, गिऱ्हाइकांदेखत, हे एकेक पीस बुडवून वर उचलून धरायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "नापास." गल्ली गोळा झाली. होलसेलवाला आधी हसला, मग चिडला, मग त्यानं हात जोडले. "साहेब, बस करो! दुसरा माल ले जाओ!" यांनी तोही आधी बुडवून बघितला. माझा नवरा ज्या कामासाठी जन्माला आला होता, ते काम त्या दिवशी त्याला मिळालं.

सेंटरमध्ये परत आलो, तर बायकांचा घोळका उभा. बादली सकाळी सगळ्यांनी बघितली होती ना! ज्या सेंटरमध्ये विकलेला माल कुणी परत घेत नव्हतं, तिथं जिन्याखालची बाई रंग गेला तर परत घेते, एवढी बातमी बाजारभर फिरली होती. बारवी धरणाकडच्या दोन बायका बाजार करून निघाल्या होत्या, त्यांतली एक डोक्यावरची पाटी न उतरवताच म्हणाली, "बाय, आमच्यासमोर पान्यात घालून दाव ना." यांनी घातला. पाणी नितळ. तिनं दोन घेतले, तिच्या सोबतिणीनं तीन. शेठ विचारायला पुढं येत होता, त्यांच्या घरी सगळं ठीक आहे का म्हणून, पण पार्लरवालीनं त्याला कॉलर धरून मागं ओढला.

मग काय गं, दिवाळीपर्यंत मला मान वर करायला वेळ नव्हता. केली असती तरी छत लागलं असतं. हे फॅक्टरीतून सुटले की तडक स्टुलावर. बायका मला विचारतच नव्हत्या. "साहेब, हा पास आहे का?" हे मान हलवायचे, मगच पैसे निघायचे. धनत्रयोदशीच्या दिवशी उल्हासनगरहून रिक्षा आली आणि शेठच्या आई उतरल्या. गुडघे बरे झाले होते. सगळ्यांनी हात देऊन त्यांना आणलं, खुर्ची दिली. त्यांनी माझा सगळा माल काढायला लावला, तासभर बघितला, एकही पसंत पडला नाही. फरसाणवाल्याकडून शेव घेतली आणि गेल्या. शेठ इतका शरमला की माझ्याकडून सहा परकर घेऊन गेला. घरात मुलगी नाही, सून नाही. त्या परकरांचं त्यानं काय केलं ते मी कधी विचारलं नाही.

लक्ष्मीपूजनाला हे घरी वाट बघत होते. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून हाक मारली, "अहो, येताय ना पूजेला? तुम्ही काय, घरीच..." आणि त्या थांबल्या, कारण मी घरी नव्हतेच. मी खालून, रस्त्यावरून, पिशव्या सावरत ओरडले, "थांबा, दुकान बंद करून आले, पाय धुते आणि येते!" हे दारात उभे होते. यांनी माझ्या हातातली किल्ली घेतली, उलटसुलट करून बघितली आणि खुंटीला अडकवली.

त्या खुंटीवर ती अजून आहे. सेंटरमध्ये नंतर कॉम्प्युटर क्लास आले, सायबर कॅफे आला, आता मोबाइलची कव्हरं आलीत. जिन्याखाली मात्र मीच. हल्ली गुडघ्यांमुळं रोज नाही जमत, पण मंगळवार-शुक्रवार शटर वर असतं, आणि स्टुलावर बसायला यांना आता फॅक्टरीतून सुटायची वाट बघावी लागत नाही.

तर तू ये. मॉलला जा, फोटो काढ, माझी ना नाही. पण जेवायला घरी ये. तुझ्या आवडीची वालाची उसळ करते, कोवळे वाल आलेत बाजारात, ते संपायच्या आत ये. येतेस ना? याच रविवारी ये गं, पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस.